बेघर तरुणांसाठी मंडळीचं दान: नव्याने सुरुवात करताना

नाताळ जवळ आला की चर्चच्या तरुण संघाच्या बैठकीत एक सूचना हमखास येते: यंदा स्टेशनवरच्या मुलांना ब्लँकेटं आणि बिर्याणी वाटू. सूचना मनापासूनची असते आणि पैसेही पटकन जमतात. पण डिसेंबरात दादर, कुर्ला किंवा कल्याण स्टेशनच्या बाहेर रात्री थोडा वेळ उभं राहून बघा. एकाच फुटपाथवर दोन-तीन गट वाटप करत असतात. मिळालेली ब्लँकेटं ठेवायला त्या मुलांकडे जागा नसते, म्हणून त्यांतली बरीचशी दुसऱ्या दिवशी मिळेल त्या भावात विकली जातात.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आपल्याकडे कायद्याने रस्ता आखलेला आहे. तो खडबडीत असेल, पण आहे. अठरा पूर्ण झाली की तो रस्ता जवळजवळ संपतो, आणि नेमकी तिथेच मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांची, गरज लागते. संस्थेकडे नसतं ते मंडळीकडे असतं: ओळखीचे घरमालक, स्वतःचं गॅरेज किंवा दुकान चालवणारे सभासद, हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या ताई, आणि दर रविवारी त्याच जागी भेटणारी तीच माणसं. दानाची आखणी करायची ती हे लक्षात ठेवून.

पुढचं सगळं मुंबई-ठाण्याच्या अनुभवावर बेतलेलं आहे. पुणे, नाशिक, नागपूर इथे स्टेशनं आणि संस्था बदलतील, क्रम तोच राहील.

१. कोणासाठी, ते आधी ठरवा

टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि ॲक्शनएड यांनी २०१३ साली केलेल्या गणनेत मुंबईच्या रस्त्यांवर ३७ हजारांहून जास्त मुलं आढळली होती. ही सगळी एका प्रकारची नाहीत. काही आईवडिलांसोबत फुटपाथवर किंवा पुलाखाली राहतात. काही घरातून पळून किंवा हरवून एकटी आलेली असतात. तिसरा गट १८ ते २५ वयाचा: लहानपणापासून प्लॅटफॉर्मवर वाढलेले, बालगृहातून वयामुळे बाहेर पडलेले, गावाहून कामाला येऊन अडकलेले. हे तरुण लग्नाच्या कॅटरिंगमध्ये वाढपी म्हणून जातात, हमाली करतात, भंगार वेचतात, रात्री पुलावर किंवा बंद दुकानाच्या पायरीवर झोपतात. तरुण मुली उघड्यावर फारशा दिसत नाहीत. त्यांचं बेघर असणं कुणाच्या तरी खोलीत, कुणाच्या तरी उपकाराखाली दडलेलं असतं, आणि ते जास्त धोक्याचं असतं.

पहिल्या वर्षी यांतला एकच गट निवडा. माझं मत विचाराल तर तिसरा.

२. पहिले काही आठवडे फक्त शिका

वाटप नको, बॅनर नको. आधीपासून काम करणाऱ्या संस्थेत जा, तिथल्या कार्यकर्त्याच्या मागे मागे फिरा. मुंबईत जेझुइट धर्मगुरूंनी १९६२ साली बेघर मुलांसाठी सुरू केलेलं स्नेहसदन आहे, वडाळ्याला सलेशियन धर्मगुरूंचं डॉन बॉस्को शेल्टर १९८७ पासून आहे. वसईच्या एखाद्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) असाल, तर संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा तुमच्याच चर्चमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. पॅरिसमध्ये १८३३ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेली, गरिबांना मदत करणारी ही सोसायटी घरभेटीला नेहमी दोघांना एकत्र पाठवते. हा नियम आपणही जसाच्या तसा उचलायचा आहे.

संस्थेत गेल्यावर 'काय देऊ?' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी हे विचारा: तुमच्याकडची मुलं अठरा झाल्यावर कुठे जातात? त्यांतली किती तुमच्या संपर्कात आहेत? काम सोडून परत रस्त्यावर आलेली कशामुळे आली? उत्तरं ऐकताना तुमचं दान कुठे जायला हवं ते आपोआप दिसायला लागेल.

आपल्या मातीतला धडाही जवळ आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी मुली आणल्या आणि केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे निवाऱ्याबरोबर विणकाम होतं, छापखाना होता. मुलगी पुढे स्वतःच्या पायावर उभी राहील का, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून डोक्यात होता. इटलीत तुरिन शहरात डॉन बॉस्को या धर्मगुरूंनी त्याच्या अर्धं शतक आधी आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती आजही या कामाचा गाभा वाटते. त्यांनी आपल्या मुलांसाठी कारागीर मालकांशी लेखी करार केले: मुलाला घरगड्यासारखं राबवायचं नाही, मारायचं नाही, सणावारी सुट्टी द्यायची. पोरगं कामाला लावून ते मोकळे झाले नाहीत, त्याच्या बाजूने सही करायला उभे राहिले.

३. समिती आणि सुरक्षेचे नियम

पाच-सहा जण पुरेत. त्यांत निदान दोन स्त्रिया हव्यात, आणि हिशेब सांभाळणारी व्यक्ती निधी खर्च करणाऱ्यापेक्षा वेगळी हवी. पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, ठराव घ्या. ठराव नसला की पाळकसाहेबांची बदली झाल्यावर काम थांबतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मुलांशी थेट संबंध येणाऱ्या प्रत्येकाचं पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्या. जन्मापासूनच्या सभासदाचंही घ्या, धर्मगुरूंचंही घ्या. कुणाला अपमान वाटला तर शांतपणे सांगा की नियम सगळ्यांना एकच आहे. मग हे लिहून काढा आणि सह्या घ्या: कोणी एकट्याने भेटायचं नाही. अल्पवयीन मुलाला स्वतःच्या घरी न्यायचं नाही. गुपचूप पैसे, मोबाइल, भेटवस्तू द्यायची नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर समितीत चर्चा करत बसायचं नाही, पोलिसांना कळवायचं. पोक्सो कायद्याने ते प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि चर्चची बदनामी होईल म्हणून दडपणं हा गुन्हा आहे.

फोटोंबद्दल फार हट्टी राहा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. नाव, शाळा, चेहरा, काहीच नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. अठरावरच्या तरुणाचा फोटोही मी घेऊ देत नाही. उद्या तो कामाला लागतो, त्याच्या मालकाच्या मोबाइलवर 'आम्ही मदत केलेला बेघर' म्हणून तोच फोटो पोचतो.

४. अल्पवयीन मूल भेटलं तर

तुमचा गट कोणताही असो, हे प्रत्येकाला पाठ हवं. एकटं मूल दिसलं की १०९८ लावा. ही चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईतच सुरू झाली, आता ती सरकार चालवतं. स्टेशनच्या हद्दीत असाल तर रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला किंवा बाल मदत कक्षाला सांगा. मुलाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. पुढचा निर्णय ती समितीच घेते: घरी पाठवायचं, बालगृहात ठेवायचं, की आणखी काही. पालकांपासून दुरावलेलं मूल आढळूनही न कळवणं हाच मुळात गुन्हा आहे.

तोवर मुलाजवळ बसा. पाणी द्या, खायला विचारा. "पळून का आलास?" असं लगेच विचारू नका. "जेवलास का? झोप झाली का?" इथून सुरुवात होते. "तुला घरी सोडतो" किंवा "पोलिसांना सांगणार नाही" असं वचन तर अजिबात देऊ नका, कारण ते पाळणं तुमच्या हातात नाही. घरी परत पाठवणं नेहमीच चांगलं असतंही नाही. काही मुलं घरच्या मारापासूनच पळालेली असतात.

आणि एक कळकळीची विनंती. "आपल्या कंपाउंडमधली जुनी खोली रिकामी आहे, तिथेच दहा मुलांचं वसतिगृह काढू," असा विचार बहुतेक मंडळीत कधीतरी येतो. काढू नका. अशा मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी लागते. ती नसेल तर चालकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा निदान १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अर्ज न करता गेलेला दर तीस दिवसांचा काळ वेगळा गुन्हा धरला जातो. शिवाय रात्रंदिवस प्रशिक्षित माणसं लागतात. ती आपल्याकडे नसतात.

५. पैसे: थोडे, पण दरमहा

एका रविवारचं मोठं अर्पण आणि मग वर्षभर शांतता, ही आपली जुनी सवय. या कामाला ती चालत नाही. चाळीस कुटुंबांनी दरमहा २५० रुपये ठरवले तर महिन्याला १० हजार, वर्षाला १ लाख २० हजार होतात. दशांशातून (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागातून) वेगळे काढायचे की वरचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण रक्कम छोटी ठेवा आणि स्थायी सूचनेने बँकेतून आपोआप जाऊ द्या. हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल आभार मानायच्या सणाला, भोपळा-नारळाचा लिलाव होतो, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात घरोघरी बचतीचे डबे फिरतात. तो पैसा या निधीत वर पडतो म्हणून धरा, त्याच्यावर महिन्याचं भाडं अवलंबून ठेवू नका.

निधीचं वेगळं खातं किंवा निदान वेगळी खातेवही ठेवा, खर्चाला दोन सह्या घ्या आणि तीन महिन्यांनी जमा-खर्च फलकावर लावा. त्यात तरुणांची नावं नकोत. 'खोलीचं डिपॉझिट, एक' एवढं पुरे.

करसवलतीबद्दल लोक विचारतातच. निव्वळ धार्मिक ट्रस्टला दिलेल्या देणगीवर ती साधारणपणे मिळत नाही. ज्या संस्थेसोबत काम करता तिच्याकडे तशी नोंदणी असेल तर ज्यांना सवलत हवी ते थेट तिथे देऊ शकतात. त्यातही २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेला सवलत नाही, आणि ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते.

दुबई, लंडन, न्यू जर्सीतले नातेवाईक पैसे पाठवायला तयार असतात. इथे जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी, त्याची देणगी परदेशी धरली जाते आणि एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय ती घेताच येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. अमेरिकेतल्या मामांना हे समजावून सांगा आणि नोंदणी असलेल्या संस्थेचं नाव द्या.

६. अठरा ते पंचवीस

इथे तुमचा बहुतेक वेळ आणि पैसा जायला हवा.

सुरुवात कागदांपासून करा. कागद नसला की बँक खातं नाही, सिमकार्ड नाही, खोली नाही. गावच्या शाळेत दोन-चार इयत्ता झाल्या असतील तर मुख्याध्यापकांना पत्र लिहून शाळा सोडल्याचा दाखला मागवा. बऱ्याचदा जन्मतारखेचा पहिला पुरावा तोच असतो. आधारसाठी पत्ता नसेल तर मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र उपयोगी पडतं. प्रौढाच्या नव्या आधार नोंदणीची राज्य सरकारकडून पडताळणी होते आणि त्यात महिने जाऊ शकतात. म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात लावून द्या. त्यानंतर जनधन खातं. याचं मोल आपल्याला चटकन कळत नाही. उघड्यावर झोपणाऱ्याची रोकड रात्री खिसा कापून जाते, मोठी पोरं हिसकावून घेतात, म्हणून ती मुलं मिळेल ते त्याच रात्री उडवतात. आपण त्याला उधळेपणा म्हणतो. पैसा सुरक्षित राहतो हे कळलं की बहुतेकांची पैसा खर्च करायची पद्धत बदलते.

बालगृहातून बाहेर पडलेला तरुण असेल तर त्याचे हक्क आधी तपासा. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, २१ वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत. मिशन वात्सल्य योजनेत महिन्याला ४,००० रुपयांची मदत आहे. राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण २०१८ पासून आहे, त्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात खेटे घालायला सोबत एक मोठं माणूस असलं की अर्ज पुढे सरकतो. मंडळीतल्या निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांना हे काम द्या. फाइल कुठे अडते ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

मग खोली. दोन-तीन जणांनी मिळून घेतलेली चाळीतली खोली एकट्याच्या खोलीपेक्षा बरी, भाडंही वाटून जातं आणि आजारपणात कुणीतरी असतं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, भाडेकरूंची पोलिसांत नोंद, दोन्ही रीतसर करा. करार तरुणांच्याच नावाने असू द्या. मंडळीने फक्त डिपॉझिट भरायचं, ते थेट घरमालकाच्या खात्यात. खोली सोडली की डिपॉझिट निधीत परत येतं आणि पुढच्याला वापरता येतं. भाडं पहिले तीन महिने पूर्ण, पुढचे तीन महिने अर्धं, मग ज्याचं त्याने, असं आधीच सांगून ठेवा. घरमालकाला खरा प्रश्न पडलेला असतो तो "काही झालं तर फोन कुणाला करू?" हा. तिथे मंडळीतल्या दोन माणसांचे नंबर द्या. डिपॉझिटपेक्षाही बऱ्याच वेळा याच गोष्टीने खोली मिळते.

कामाच्या बाबतीत सगळ्यात नाजूक काळ म्हणजे पहिला महिना. कॅटरिंगला गेलं तर रात्रीच पैसे हातात पडतात. नोकरीत पगार महिन्याने मिळतो. मधले तीस दिवस खायचं काय, लोकलचा पास कुठून काढायचा? तरुण दहाव्या दिवशी नोकरी सोडून परत कॅटरिंगला जातो आणि आपण म्हणतो, याला काम नको आहे. पास, डबा, बूट, आंघोळीची आणि कपडे धुण्याची सोय, एवढा एका महिन्याचा खर्च उचला. मला विचाराल तर या निधीतला सर्वांत सार्थकी लागणारा पैसा हाच.

मंडळीतल्याच कुणाच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये लावत असाल, तर साध्या कागदावर करार करा: पगार किती, कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी कोणती, कामाचे तास किती, मारहाण-शिवीगाळ नाही, न सांगता गैरहजर राहिला तर आधी कुणाला फोन. आपल्यातल्याच माणसावर असा अविश्वास कशाला, असं काही जण म्हणतील. ज्याच्या मागे कुणी नाही त्याला 'चर्चने दिलेला पोरगा' म्हणून फुकटात राबवून घेणं फार सोपं असतं, चांगल्या माणसांच्या हातूनही होतं. पगार थकला किंवा मारहाण झाली तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक मोफत कायदेशीर मदतीसाठी आहे.

आणि शेवटी सोबत. प्रत्येक तरुणामागे दोन माणसं, निदान दोन वर्षं. आठवड्यातून एक फोन, महिन्यातून एकदा एकत्र जेवण, दवाखान्यात जायचं झालं तर बरोबर. तो मध्येच गायब होईल. काम सोडेल, सुरतला किंवा गोव्याला निघून जाईल, सहा महिन्यांनी पुन्हा स्टेशनवर दिसेल. तेव्हा हिशेब मागू नका. "कुठे होतास?" हे काळजीने विचारा, आणि मदतीची कोणती पायरी पुन्हा सुरू करायची ते समितीत ठरवा. जे संतापतात, त्यांना या सोबतीच्या कामाऐवजी हिशेबाचं काम द्या.

७. व्यसन, प्रार्थना

सोल्यूशन किंवा व्हाइटनर हुंगणाऱ्या, गर्द ओढणाऱ्या मुलाला उपदेशाने काही होत नाही. नशेत असताना बोलणं टाळा, दुसऱ्या दिवशी भेटा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. उपचारांचा खर्च आणि उपचारांनंतर राहायची जागा, या दोन्हींची तयारी असेल तरच दाखल करा. बाहेर पडून तो त्याच पुलाखाली परतणार असेल तर सगळं वाया जातं.

प्रार्थनेला येण्याची अट मदतीला कधीही जोडू नका, सुचवूही नका. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत तर पालकांचा धर्म, त्याचे सण, त्याचं नाव, सगळं जपायचं. तुमच्यासोबत उभा असलेला तरुण हिंदू असेल, मुसलमान असेल, त्याला त्याचा देव आणि त्याची माणसं जवळची वाटू द्या. आपण कुणाच्या नावाने हे करतो ते त्याने विचारलं तर सांगायला संकोच नको. त्याने विचारलं नाही, तरी त्याच्या खोलीचं भाडं तेवढंच आणि त्याच तारखेला जायला हवं.

८. वर्षाचं वेळापत्रक

नाताळात संस्थांकडे केक आणि पाहुणे दोन्ही उतू जातात. शक्य असेल तर तुमची भेट जानेवारीच्या शेवटी ठेवा, ३१ जानेवारीला डॉन बॉस्कोंचा सण असतो. मार्च-एप्रिलमध्ये आयटीआय आणि मुक्त विद्यालयाच्या प्रवेशांची चौकशी सुरू करा, फीची रक्कम बाजूला काढा. जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा फुटपाथवरच्या कुटुंबांतल्या मुलांसाठी वह्या-दप्तरांबरोबर बालसंगोपन योजनेचे अर्जही भरा. एकल पालकांच्या मुलांना त्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि कितीतरी विधवा आयांना ते ठाऊकच नसतं. नोव्हेंबरातला गरिबांचा जागतिक दिन कॅथलिक मंडळी २०१७ पासून पाळतात. पुढच्या वर्षाचे मासिक दाते नोंदवायला तो रविवार चांगला.

सर्वांत कठीण काळ पावसाळ्याचा. पुलाखाली पाणी शिरतं, कागद भिजतात, ताप आणि लेप्टो पसरतो, लग्नसराई थांबल्यामुळे कॅटरिंगचं कामही आटतं. म्हणून मे महिन्यातच ताडपत्र्या, कागदपत्रांसाठी प्लॅस्टिकचे बंद पाऊच, ओआरएसची पाकिटं आणि जवळच्या पालिका दवाखान्याच्या वेळा तयार ठेवा. दोन-तीन तरुणांच्या खोल्यांचे करार मेअखेर पूर्ण होतील असं बघा, आणि महापालिकेच्या कोणत्या निवाऱ्यात जागा आहे ते पहिल्या पावसाच्या आधी स्वतः जाऊन विचारून या.